पाचवी सवाष्ण

"पाचवी कोण?" मुक्ताबाईंनी विचारलं आणि कुंदा सोडून सगळ्यांकडे पाहिलं.

हॉलमध्ये सतरंजीवर चौघी बसल्या होत्या. मुक्ताबाई, म्हणजे कुंदाच्या थोरल्या जाऊबाई, लग्नासाठी साताऱ्याहून आलेल्या. बाकीच्या तिघी इथल्या, अमिरातीतल्या अल ऐनच्याच. मध्ये परात, परातीत दुधात भिजवलेल्या रव्याचा गोळा. कुंदाच्या लेकीच्या, प्रज्ञाच्या लग्नातल्या खिरीसाठी गव्हले वळायचे होते. मुहूर्ताचे पहिले गव्हले पाच सवाष्णींनी वळायचे, असा रिवाज. पाचवी दुबईहून निघाली होती आणि हायवेवर अडकली होती. मुहूर्त साडेअकरापर्यंतच होता.

कुंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. गोळा तिनेच मळला होता. मळायला विधवेचे हात चालतात. वळायला चालत नाहीत.

"काकू, आई बसेल ना," प्रज्ञा म्हणाली. "इट्स हर हाउस."

"बाळा, शकुनाचं काम आहे. तुझ्याच भल्यासाठी सांगते."

कुंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा गेला तेव्हा प्रज्ञा आठवीत होती. त्यानंतर चौदा वर्षं कुंदाने हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ड्यूट्या करून तिला एकटीने वाढवलं. त्या चौदा वर्षांत पोरीच्या भल्याची चौकशी करणारा एक फोन साताऱ्याहून आला नव्हता. आता लग्नाचं केटरिंग कंपनीकडे, सजावट कंपनीकडे, सगळं दुसऱ्यांकडे. लेकीसाठी आपल्या हाताने करावं असं हे एकच काम उरलं होतं, आणि त्यातूनच तिला उठवलं होतं. बोलायचं कोणाला? आपलेच दात आणि आपलेच ओठ. लग्नघरात तमाशा नको म्हणून तिने प्रज्ञाला डोळ्यांनीच गप्प केलं.

सोफ्यावर असुंता बसली होती. होणाऱ्या जावयाची आजी, कालच इटलीहून आलेली. वय ऐंशीच्या पुढे, ओठांना लाली, गळ्यात पोवळ्यांची माळ, बोटात लग्नाची अंगठी. बॅगेत कपडे कमी आणि स्वयंपाकाचं सामानच जास्त: एक लाकडी पाट, एक बोथट सुरी, घरच्या टोमॅटोच्या तीन बाटल्या. परातीतला गोळा दिसला तशी ती उठली. चिमूटभर गोळा घेऊन तिने परातीच्या काठावरच अंगठ्याने दाबून ओढला. पास्त्याची इवलीशी शिंपली तयार झाली. तिच्या घरातल्या बायका पणजीपासून हेच करत आल्या होत्या. रवा तोच, फक्त दुधाच्या जागी पाणी.

"अगं बाई, ह्यांना तर येतंय." मुक्ताबाईंनी अंगठी पाहिली, लाली पाहिली, माळ पाहिली. "झाली की पाचवी. बैठो आजी, बैठो."

प्रज्ञाने तोंड उघडलं. मग मिटलं, आणि आजीचा पाट आणायला गेली.

कुंदाला ते जास्तच झोंबलं. जाऊ तर परक्याच्या घरची. पोटच्या पोरीनेही शेवटी हात झटकले, असं तिला वाटलं. मुक्ताबाईंनी असुंताच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, तिची ओटी भरली, आणि पाचही जणी कामाला लागल्या. असुंता गव्हले वळतच नव्हती, शिंपल्याच करत होती. कोणी तिला टोकलं नाही. कुंदाचा एक गव्हला जरा जाड झाला असता तर चारचौघींत उद्धार झाला असता. दाराची चौकट तिने इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली.

"आता नावं घ्या," मुक्ताबाई म्हणाल्या. त्यांनी स्वतः उखाणा घेतला, तोही लांबलचक. तिघींनी घेतला. मग सगळ्या असुंताकडे वळल्या. "प्रज्ञा, सांग त्यांना. यजमानांचं नाव घ्यायचं."

प्रज्ञाने तिच्या मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये सांगितलं. म्हातारी हसली. अंगठा न थांबवता ती बराच वेळ बोलली. त्यात दोनदा "जिनो" ऐकू आलं.

एरवी घरात इंग्रजीच फाडणाऱ्या प्रज्ञाने एकेक शब्द मराठीत सांगितला.

"आजी म्हणतात, यजमानांचं नाव जिनो. त्यांना टोमॅटो घालून ह्याच शिंपल्या आवडायच्या. जिनो जाऊन एकतीस वर्षं झाली. आजी अजून दर रविवारी करतात."

तिघींपैकी एकीने परातीतला हात हळूच मागे घेतला. असुंताच्या कपाळावर मुक्ताबाईंनीच लावलेलं कुंकू होतं. तिच्यापुढे पाटावर चाळीसेक शिंपल्या झाल्या होत्या, आणि मुहूर्त करून झाला होता.

"तुला ठाऊक होतं?" मुक्ताबाईंनी प्रज्ञाला विचारलं.

"तुम्ही कुठे विचारलंत, काकू?"

कुंदाने लेकीकडे पाहिलं. मग चौकट सोडली.

मुक्ताबाईंनी पदर सावरला. त्या काही अशा तशा हार जाणाऱ्या नव्हत्या. "असू दे, असू दे. परदेशी माणसं ती. त्यांच्यात चालतं."

कुंदा पदर खोचून परातीपाशी आली.

"सोयरीक माझ्या लेकीने केलीय, वहिनी. आता त्यांच्यात मीही आले. सरका."