चंद्रावरून आलेली सम

चप्पल काढून इंदुताईंनी गायलेली ओळ पुन्हापुन्हा वाजवणाऱ्या यंत्राच्या पेडलवर पाय ठेवला. पडद्यावर धाकटी बहीण मालू होती, चंद्रावरच्या दवाखान्यातली डॉक्टर.

“नाद सोड, ताई. माझा आवाज अडीच सेकंद मागे पडतो. आपलं एकत्र गाणं आता संपलं.”

“मागे तू लहानपणीही पडायचीस. चंद्राला कशाला बोल लावतेस?”

आज इंदुताईंनी आवर्तनही अडीच सेकंदांचंच धरलं होतं. छोटीशी ओळ गाऊन त्यांनी पेडल दाबलं. ती ओळ पुन्हापुन्हा फिरू लागली. तिकडे मालूने तिच्यात सूर मिळवला. तो मागे पडला, पण नेमकं एक आवर्तन, आणि पुढच्या फेरीच्या समेवर अलगद उतरला.

एवढा अंधार ओलांडून आलेला आवाज इंदुताईंच्या आवाजाला बिलगला होता. त्या हळूच म्हणाल्या, “मालू, थांबू नकोस.”