घाबरायचं काम

"ताई, तुम्ही पुन्हा हसलात," दिग्दर्शक म्हणाला.

वीजबिल भरायच्या खिडकीमागे बसलेल्या बाईंनी ओठ आवळून घेतले. सुट्टीचा दिवस होता आणि कार्यालय सिनेमावाल्यांना शूटिंगसाठी दिलं होतं. एका जोडप्याला भलतंच बिल येतं, घरची वीज कापली जाते, दोघं कार्यालयात खेटे घालून घालून थकतात आणि एक दिवस तोंडाला रुमाल बांधून तेच कार्यालय लुटायला येतात, अशी गोष्ट होती. खिडकीमागे खरीखुरी कर्मचारी हवी, म्हणून साहेबांनी बाईंना बसवलं होतं. बोलायचं काहीच नव्हतं. दरोडेखोर आले की घाबरायचं, एवढंच काम.

आणि तिथेच माशी शिंकली. रुमालवाली दोघं दारातून आत शिरली रे शिरली, की बाईंचा चेहरा खुलायचा.

"रोज लोक तुमच्या अंगावर ओरडत असतील ना? तसं काहीतरी आठवा," दिग्दर्शकाने सुचवलं. माणूस समजूतदार होता, पण त्याला काय ठाऊक. काचेपलीकडून कोणी कितीही आरडाओरडा केला तरी चेहरा कोरा ठेवायची बाईंना इतकी सवय लागली होती, की तो घरीही कोराच राहायचा. सुट्टी असून आज कुठे निघालीस, असं सकाळी कोणी विचारलं नव्हतं. दुपारचं जेवण करून ठेवलंयस ना, एवढं मात्र नवऱ्याने विचारलं होतं.

पुन्हा दिवे लागले. पुन्हा दार उघडलं. नटीने काचेच्या फटीतून पिस्तुलाची नळी आत सरकवली.

"आधी बिल भरा, मग तक्रार करा, असंच ना? घ्या. तक्रार करायला आलोय."

हे 'आधी बिल भरा' बाई रोज म्हणायच्या. वरून आलेला नियम होता. चुकीचं बिल घेऊन आलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला ते ऐकवताना जीभ जड व्हायची, तरी ऐकवायच्या. आज कोणीतरी ते वाक्य उचलून त्यांच्याच तोंडावर मारलं, आणि त्यांना इतकं बरं वाटलं की हसता हसता डोळे भरून आले.

"थांबवा," दिग्दर्शक म्हणाला.

नटी रुमाल खाली ओढून काचेशी वाकली. "काय हो ताई, माझं तोंड एवढं विनोदी दिसतंय का?"

"नाही गं," बाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही दोघं आलात की बरं वाटतं."

नटीने रुमाल पुन्हा नाकावर चढवला.

पुढच्या खेपेला बाई हसल्या नाहीत. पैशांची पिशवी भरून झाली, नट बायकोला "चल" म्हणाला, दोघं वळली. आणि बाईंनी ड्रॉवर उघडला, पर्स काढून खांद्याला लावली आणि त्या खुर्ची मागे सारून उभ्या राहिल्या. आपण काय केलं हे सगळे खो खो हसायला लागले तेव्हा त्यांना कळलं.

"ताई, तुम्हाला नाही न्यायचंय," दिग्दर्शक डोळे पुसत म्हणाला.

बाईही हसल्या. पण पर्स परत ठेवली तरी ड्रॉवर त्यांनी लगेच लावला नाही. त्या दोघांनी खरंच नेलं असतं तर आपण गेलो असतो, गाडीत मागे बसून, वाट फुटेल तिकडे. घर, नवरा, वय, यातलं काहीही आड आलं नसतं. याची त्यांना लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

आता साहेब पुढे आले. या खिडकीवरचं काम त्यांना बाईंनीच शिकवलं होतं. बढतीच्या वेळी वरच्यांनी बाईंच्या तोंडाला पानं पुसली आणि हे केबिनमध्ये जाऊन बसले. "नसेल जमत तर राहू द्या ना, ताई. दुसऱ्या कोणाला तरी बसवतो. तुम्ही जरा सगळ्यांच्या चहाचं बघा."

"एकदा बसू द्या मला," बाई म्हणाल्या. त्यांनी काही मागितलं, हेच साहेबांना नवीन होतं.

"ठीक आहे, शेवटचं," दिग्दर्शक म्हणाला.

दोघं आली. नटीने आपलं वाक्य म्हटलं. बाई जीभ दातांखाली धरून तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या, कारण आता ती पुन्हा येणार नव्हती. पिशवी भरली. "चल," नट म्हणाला. दार उघडलं तसं रस्त्यावरचं दुपारचं ऊन थेट खिडकीपर्यंत आलं. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

बाई बसून राहिल्या. दोघं उन्हात दिसेनाशी झाली आणि दार आपोआप, सावकाश लागत आलं. उद्या हीच खुर्ची होती आणि तेच वाक्य होतं. बाईंचे डोळे विस्फारले, बोटांनी टेबलाची कड घट्ट धरली. दिग्दर्शक "थांबवा" म्हणायचंच विसरला.

"हेच," तो शेवटी म्हणाला, तेही कुजबुजत. मग काचेजवळ आला. "ताई, एवढी भीती आणलीत कुठून? तुमच्यावर पिस्तूल रोखलं होतं तेव्हा तर काहीच नव्हतं."

बाई अजून समोरच बघत होत्या.

"ते गेले," त्या म्हणाल्या, "आणि दार लागलं."