उतारावरची झाडं

आमच्या शेताची माती दर पावसाळ्यात ओढ्यात वाहून जायची. बायकोने सोळा वर्षं कळशीने पाणी घालून उतारावर झाडं जगवली, तेव्हा कुठे माती थांबली. ती गेली आणि मोकाट गुरं शिरून झाडांच्या साली ओरबाडू लागली. कुंपणाला मदत मिळावी म्हणून मी कृषी कार्यालयात अर्ज दिला.

साहेबांनी तो वरवर चाळला. "काका, मृदसंधारणाचं अनुदान उजाड उतारालाच मिळतं. तुमच्याकडे झाडं उभी आहेत."

"मग काय, तोडू?"

"तुमच्या शेजाऱ्याने तोडली. त्याचं मंजूर झालं. तुम्ही बघा बुवा."

ते वर्ष मी कुत्रं घेऊन झाडांखालीच मुक्काम टाकून राखण केली. मग एक दिवस योजनेची पाहणी करायला वरचे अधिकारी आले. शेजाऱ्याच्या उतारावर चार वाळक्या काड्या आणि एक फलक होता. साहेबांनी गाड्या थेट माझ्या बांधाशी आणल्या आणि बायकोच्या झाडांकडे हात करून म्हणाले, "सर, हे सगळं आपल्या योजनेतून उभं राहिलं." मग माझ्याकडे वळले. "काका, फोटो काढायचाय, जरा बाजूला व्हा."

मी बाजूला झालो आणि कुत्रं सोडलं.