डेन्मार्कला गेलेली बी

समजा, तुम्ही अकरा वर्षांचे आहात, आणि देवाच्या राईतली एक बी तुमच्यामुळे डेन्मार्कला गेली आहे.

समजलात? आता पोटात जे जड वाटतंय ना, तेच भाग्यलक्ष्मीला दोन महिने वाटत होतं.

तिला सगळे भागी म्हणत. गोव्यात, पेडणे तालुक्यात, हळर्णच्या पुढे, डोंगराखालच्या एका वाड्यावर तिचं घर. घराच्या वर राई होती. राईतली काडी कुणी तोडत नसे. गळलेलं पानसुद्धा घरी आणायचं नाही, ते देवाचं. राईच्या पायथ्याशी एक झर होती. वाड्यावरची अकरा घरं तिचं पाणी पीत, आणि उरलेलं खालच्या पोफळींना जाई.

भागीचे बाबा सुदेश आधी मुरगावच्या बंदरात कामाला होते. ते सोडून त्यांनी घरामागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या. हरमलच्या किनाऱ्यावरच्या गोंगाटाला कंटाळून इंगर नावाची एक म्हातारी बाई तिथे येऊन राहिली. ती डेन्मार्कची.

"आमचं गाव एवढंसं आहे," ती भागीला सांगायची. "चारी बाजूंनी जंगल. काही झाडं अशी पिळवटलेली, की वाटतं कुणीतरी ओला टॉवेल पिळून उभा केलाय."

भागी हसायची. तिचं इंग्रजी शाळेतलं, पण इंगर सावकाश बोले. गावाजवळच्या टेकड्या ऑगस्टमध्ये रानफुलांनी जांभळ्या होतात, हे तिने सांगितलं. जंगलातल्या झऱ्याचं पाणी उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात सारखंच गार असतं, हेही सांगितलं. त्या झऱ्यावर तिचा फार जीव. तिथे खडा टाकला तरी ती पोरांना ओरडते म्हणे.

"आमच्या शेजारची शांताकाकू पण ओरडते!" भागी म्हणाली.

फेब्रुवारीत आणखी तीन खोल्यांचं काम निघालं. नवी बोअर मारायला यंत्र आलं. दिवसभर घरघर, धुरळा. इंगरचं डोकं दुखायला लागलं, म्हणून भागी तिला घेऊन राईत गेली.

तिथे गारंबीच्या वेलाखाली इंगरला एक बी सापडली. बिस्किटाएवढी, तपकिरी, गुळगुळीत. तिने ती गालाला लावली आणि खिशात टाकली.

भागीने पाहिलं. तोंडापर्यंत शब्द आले. पण पाहुणीला कसं सांगायचं? ती गप्प राहिली.

मार्चमध्ये इंगर परत गेली. एप्रिलमध्ये झर बारीक झाली. मेच्या पहिल्या आठवड्यात आटली. शांताकाकू रिकामी कळशी घेऊन दारावरून जाताना म्हणाली, "कोणीतरी राईतला कायतरी नेल्यान. नायतर असा कधी झाला नाय."

भागीने ताट बाजूला सारलं. शेवटी तिने बाबांना सगळं सांगितलं.

बाबांनी हातातला फोन उलटा ठेवला. मग त्यांनी मोठा श्वास सोडला. "मग तेच कारण असणार," ते म्हणाले.

"माझ्यामुळे, बाबा?"

"लहान आहेस तू. होतं असं."

त्याच दिवशी तिने बाबांच्या फोनवरून इंगरला निरोप पाठवला. झर आटलीय, बी परत पाठव, प्लीज. तीन आठवड्यांनी पाकीट आलं. बाबांनीच ते फोडलं. आत कापसात ती बी होती, आणि एक पत्र. बाबांनी ते आधी मनात वाचलं, मग मोठ्याने. इंगरने माफी मागितली होती.

"उद्या राईत देवाला गाऱ्हाणं घालायचं आहे," पत्र खिशात ठेवत बाबा म्हणाले. "सगळ्यांसमोर सांगून टाक. मी असेन बाजूला."

सकाळी सगळा वाडा राईत जमला. वाड्यावरच्या सगळ्यांत वडीलधाऱ्या महादेवकाकांनी पान, सुपारी आणि नारळ मांडून गाऱ्हाणं घातलं. "लेकरांकडून कायतरी चूक झाली असात, ती पोटात घाल रे महाराजा."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले.

भागी पुढे झाली. "बी माझ्यामुळे गेली. मी बघितलं, पण त्या बाईंना नको म्हटलं नाही."

तिने बी देवापुढे ठेवली.

"असा खरा सांगूक धाडस लागता," महादेवकाका म्हणाले. "रडू नको गो. देव पोरांवर रागावणा नाय. सुदेश, त्या बायेचा पत्र इला म्हणतंस ना? वाच बघू. देवाक पण ऐकांदे."

बाबांनी खिसा चाचपला. मग त्यांनी पत्र काढलं आणि दोन्ही हातांनी समोर धरून मराठीत सांगू लागले. "प्रिय भागी, तुमचा नियम मला ठाऊक नव्हता. बी परत पाठवते आहे. तुला त्रास झाला, त्याचं मला फार वाईट वाटतं."

भागी त्यांच्या समोरच उभी होती. तिच्या डोळ्यांपुढे पत्राची मागची बाजू होती. तीही निळ्या शाईने भरलेली होती. ती एकेक शब्द जुळवत वाचू लागली. सगळं कळलं नाही, पण पुरेसं कळलं.

"संपलं," असं म्हणत बाबा पत्राची घडी घालू लागले.

भागीने त्यांचं मनगट धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबा, मागे तुझ्यासाठी लिहिलंय. आपल्या बोअरने झर आटेल, बोअर बंद कर, असं तिने तुला एप्रिलमध्येच फोनवर सांगितलं होतं. तेही वाच."