डाव्या हाताचे घट्टे

सकाळी सहाला त्याने गिटारच्या तारा जुळवल्या, वीस मिनिटे सराव केला आणि मोटरसायकलच्या चेनला तेल दिले. मग डाव्या हाताने चहाचा पेला उचलला. "बाबा, आत्ताच ओतलाय. चटका नाही बसत?" शाळेच्या गणवेशातल्या मुलीने विचारले.

"तारा दाबून घट्टे पडलेत बोटांना. गिटारवाल्याला कसला चटका?" महिनाभर तो स्वतःलाही हेच सांगत होता. पण बधिरपणा आता मनगटापर्यंत पोचला होता आणि तिथे घट्टे नव्हते. डॉक्टरांनी गिटार आणि मोटरसायकल दोन्ही सोडायला सांगितले तर, या भीतीने तो गेलाच नव्हता.

सिग्नलला गाडी गिअरमध्ये होती, क्लच त्याने दाबून धरला होता. बोटे कधी सुटली, ते कळलेच नाही. गाडी उसळली आणि पुढच्या टँकरपासून हातभर अंतरावर बंद पडली. मागून मुलीचे हात त्याच्या पोटाभोवती आवळले गेले.

"मुद्दाम केलंस ना?"

"नाही, बाळा."

त्याने गाडी ढकलत कडेला लावली, किल्ली तिच्या कंपासपेटीत ठेवली आणि रिक्षा थांबवली. "आधी हिची शाळा," तो चालकाला म्हणाला, "मग मला दवाखान्यात सोडा."