ग्रहणाची काच

"तोंडं भिंतीकडं करा. आर्कच्या उजेडाकडं कुणी बघायचं न्हाई, डोळं जातील," वेल्डिंग शिकवणारे जगदाळेसर म्हणाले. नववीचा वर्ग वळला. दीक्षाही वळली. सरांच्या मास्कमधली काळी काच तिनं काल ग्रहण बघायला गुपचूप घरी नेली होती. "ग्रहणाला भ्यायचं न्हाई, बघायचं," म्हणत तिच्या आबांनी ती कुरकुंभच्या वस्तीभर फिरवली. ती कुणाच्या तरी हातून फुटली. सकाळी तिनं साधी काच रॉकेलच्या चिमणीवर धरून काळी केली आणि मास्कमध्ये बसवली. आता सांगावं म्हणून ती अर्धी वळली, परत भिंतीकडं झाली. पाठीमागं तडतड सुरू झाली. भिंतीवर सावल्या निळ्या लखलखाटात थरथरल्या. "आज उजेड लई वाटतोय. म्हातारा झालो," सर हसले, वेल्डिंगची कांडी संपेपर्यंत थांबले नाहीत. "वळा." सरांच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. "चोरून कुणी बघितलं न्हाई ना?" "न्हाई, सर," दीक्षा सगळ्यांच्या आधी म्हणाली.