द्यायचे शर्ट

“घालायला की द्यायला?” दुकानदाराने नेहमीसारखं विचारलं आणि वहिनींनी दचकून बाजूला पाहिलं.

शेजारी त्यांची नणंद उभी होती. ठोक कपड्यांचं हे दुकान वहिनींचं नेहमीचं, आणि हा प्रश्नही इतका सवयीचा, की आज तो विचारला जाईल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. महिला मंडळाने एका शाळेतल्या सगळ्या मुलांना पांढरे शर्ट द्यायचं ठरवलं होतं. नणंद त्याच शाळेत शिकवायची. मुलांची मापं तिला ठाऊक, म्हणून तिला बरोबर आणणं भागच होतं.

“म्हणजे काय हो?” नणंदेने विचारलं.

दुकानदार बोलका होता. माल समजावून सांगण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. “म्हणजे असं बघा ताई, घरच्या मुलांनी घालायचे शर्ट ते इथे, पुढच्या कपाटात. कुणाला द्यायचे असले तर मागच्या फळीवर. दिसायला अगदी सारखे. पहिलं धुणं होईपर्यंत कोणी ओळखून दाखवावं. मॅडमना विचारा ना. दर वर्षी दोन्हीकडचे नेतात.”

“शाळेला द्यायचेत,” वहिनी घाईघाईने म्हणाल्या. “तुम्ही आधी मापं बघून घ्या.”

दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी वहिनी आपल्या मुलांबरोबर नणंदेच्या मुलांसाठीही इथूनच शर्ट घेत. नणंदेच्या पगारात तिचं घर कसंबसं चालायचं, तेव्हा तेवढाच हातभार. पिशवी देताना त्या आवर्जून सांगत, “एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेत हो. मी मुलांत फरक केला नाही कधी.” पहिलं वाक्य खरंच होतं. दुसरंही खरं वाटायला लागावं इतक्या वेळा त्या ते म्हणाल्या होत्या. बरं, परवडत नव्हतं अशातलाही भाग नाही. द्यायचे आहेत ना, मग मागच्या फळीवरचे, इतकाच विचार त्यांनी केला होता. म्हणजे केलाच नव्हता.

दुकानदाराने मागून गठ्ठा आणून समोर टाकला. नणंदेने वरचा शर्ट उचलला, कॉलर उलटी करून आतली निळी पट्टी पाहिली आणि शर्ट खाली ठेवला. मग दुसरा उचलला. त्यालाही तीच पट्टी होती.

“आमच्याकडच्या शर्टांना हीच असते,” ती म्हणाली.

वहिनी गठ्ठ्यातले शर्ट मोजू लागल्या.

नणंदेने वरचं बटण चिमटीत धरून सहज फिरवलं. ते तिच्या हातात आलं.

“बटण काय ताई, कुठलंही निघतं,” दुकानदार म्हणाला आणि आपल्याला दुसरीकडे काम असल्यासारखा शिडीवर चढला.

“काखेतली शिवणही सुटते,” नणंद म्हणाली. ती त्या बटणाकडेच बघत होती. “मला वाटायचं, आमचा थोरलाच धसमुसळा. काय काय बोलले मी त्याला, वहिनी. मामेभावांकडे बघ म्हणायचे. तेच शर्ट, तेच दुकान, त्यांचे वर्षभर कसे कोरे राहतात आणि तुला महिना पुरत नाही. मामी एवढ्या प्रेमानं देते आणि तुला त्याची किंमत नाही. तो शपथा घ्यायचा, मी काही केलं नाही म्हणून. एकदा तर उलट बोलतोस म्हणून मारलं.”

वहिनींना तो दिवस आठवला, कारण तेव्हा त्या तिथेच होत्या. मध्ये पडल्या होत्या. “जाऊ दे गं, मुलं आहेत,” असं म्हणून मुलाच्या पाठीवरून हात फिरवला होता, आणि घरी जाताना आपल्या समजूतदारपणाचं त्यांना बरं वाटलं होतं. आता त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि कुठे तोंड लपवून ती लाज जाणार नव्हती.

“पुढच्या कपाटातले काढा,” त्या दुकानदाराला म्हणाल्या. “सगळ्या शाळेसाठी.”

“मंडळाच्या पैशांत बसायचे नाहीत, मॅडम.”

“वरचे पैसे मी घालीन.”

हे बोलल्यावर क्षणभर आपण फार मोठं काही केलं असं त्यांना वाटलं. नणंदेकडे बघितलं आणि ते वाटणं विरून गेलं. ती शांतपणे एकेक माप सांगत होती, कुठल्या वर्गाला कितीचा शर्ट लागेल ते. एका मुलीचे खांदे रुंद आहेत, तिला मुलांच्या मापातला द्या, हेसुद्धा ती विसरली नाही.

सगळं बांधून झाल्यावर वहिनी चाचरत म्हणाल्या, “थोरल्यालाही घेऊ या दोन. यातलेच.”

“घ्या ना,” नणंद म्हणाली. ती चिडली असती तर वहिनींना सोपं गेलं असतं. “पण तुमच्या हातानं द्या, आणि शर्टच वाईट होते हे त्याला तुम्हीच सांगा. माझं ऐकून त्याला आता पटायचं नाही. हल्ली तो शाळेतून आला की आधी खोलीचं दार लावून घेतो. मी बघायच्या आत सुई-दोरा घेऊन बटणं लावत बसतो.”